मिस्त्रीचा तिसरा प्रश्न

तो सगळं दोनदा बोलायचा. "निघतो, निघतो." "बघू, बघू." "मागे घे, मागे घे." उमेदीची सगळी वर्षं ट्रकच्या केबिनमध्ये गेली, आणि त्या इंजिनाची खोड अशी की माणसाचं पहिलं वाक्य ते स्वतःच गिळून टाकायचं. म्हणून दुसरं. पुढे इंजिन बंद असलं तरी दुसरं वाक्य आपोआप यायला लागलं. डेपोत त्याचं नाव 'दोनदा' पडलं ते असं. वयाने लहान असलेले दोनदाभाऊ म्हणत, मोठे नुसतंच दोनदा म्हणत, आणि हाक मात्र सगळे एकदाच मारत.

केबिनमध्ये त्याचं पहिलंच वाक्य ऐकू जायचं असं एकच माणूस होतं, त्याची बायको. लग्नानंतर बरीच वर्षं ती त्याच्या शेजारच्या सीटवर बसून फिरली. मूलबाळ झालं नाही, सासूसासरे धाकट्याकडे. घराला कुलूप लावलं की झालं. पाय पोटाशी घेऊन बसायची, बाजूच्या आरशावर नजर. मागून कोणी हॉर्न वाजवला की म्हणायची, "जाऊ द्या हो त्याला. घरी दूध उतू चाललंय त्याचं." तिच्या मते मागच्या प्रत्येक गाडीची काही ना काही भानगड असायची. एकाची सासू आलेली, एकाचा नळ उघडा राहिलेला. रिकाम्या परतीच्या रस्त्याला तर तिला ऊत यायचा. मग वजनकाट्यावरचा कारकून व्हायची, नाक दाबून: "पुढे घ्या. अजून पुढे. अहो, इतकं पुढे कोणी सांगितलं?" हसता हसता त्याला गाडी बाजूला घ्यावी लागायची.

हे सगळं एका गतिरोधकावर संपलं. खरं तर त्याच्या काही दिवस आधीच, पाटेवाल्या मिस्त्रीच्या दारात.

ट्रकच्या मागच्या चाकांवर लोखंडाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. त्यांना पाटे म्हणायचं. गाडीतला सगळा भार तेच झेलतात. मिस्त्रीचं आयुष्य हे पाटे उतरवण्या-चढवण्यात गेलेलं. दाताखाली कायम एक काडी, बोलताना ती एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायची, आणि ती तिकडे पोचेपर्यंत पुढचा शब्द यायचा नाही. गाडी आत आली की मिस्त्री तीनच प्रश्न विचारायचा. "काय ओढतोस? किती ओढतोस?" मग काडी इकडून तिकडे. "रिकामा किती फिरतोस?"

पहिल्या दोन प्रश्नांना ड्रायव्हर लोक जरा फुगवून उत्तर देत. तिसऱ्याला मात्र सगळ्यांचं उत्तर एकच: "रिकामा? छे. आपण रिकामे कधीच नाही." कारण रिकामी गाडी म्हणजे आपल्याला कोणी माल देत नाही, म्हणजे आपली पत नाही. लग्न ठरवताना वय चोरावं तशी ही मंडळी रिकामा रस्ता चोरायची. मिस्त्रीला ते ठाऊक होतं, पण समोरचा जे सांगेल त्यावर पाटे बसवायचे हा त्याचा नेम.

त्या वेळी दोनदाही म्हणाला होता, "रिकामा कधीच नाही, कधीच नाही." बायको बाहेर केबिनमध्ये बसून सगळं ऐकत होती. मिस्त्रीने दोन जाड पाटे जादा टाकले. भरलेली गाडी मग जहाजासारखी चालली, आणि रिकामी गाढवासारखी लाथा झाडायला लागली. एवढा कडक पाटा दबायला त्यावर वजन लागतं. वजन नसलं की रस्त्याचा प्रत्येक खड्डा तो जसाच्या तसा सीटवर आणून देतो. परतीच्या वाटेवर गतिरोधक दिसला तेव्हा उशीर झाला होता. गाडी उडाली, बायको छताला लागून खाली आदळली, आणि तिची कंबर जी धरली ती धरलीच.

"तुमची गाडी तुम्हालाच लखलाभ," दवाखान्याच्या पलंगावरून ती म्हणाली होती. हसतच म्हणाली होती. पण त्याने ते गाठीशी बांधलं.

कंबर बरी झाली. ती उठली, फिरली, बाजारहाट करायला लागली. त्याला वाटे, आज म्हणेल, उद्या म्हणेल, चला मी पण येते. ती म्हणाली नाही. कसं विचारायचं, हे त्याला कळेना. जगातली प्रत्येक गोष्ट दोनदा बोलणारा माणूस, ही एक गोष्ट एकदाही बोलला नाही. शेजारच्या सीटवर आधी तिची शाल राहिली, मग पाण्याचा कॅन आला, मग दोर, मग ताडपत्री.

तिने पुढच्या खोलीत पाळणाघर काढलं. कामावर जाणाऱ्या बायका सकाळी आपापली बाळं आणून ठेवत आणि संध्याकाळी नेत. आता तो फेरीहून परते तेव्हा चटयांवर बाळं झोपलेली असत आणि ती दारातच ओठांवर बोट ठेवी. मग तो पायरीवर बसून राही. आतून तिचा हळू आवाज येई, एकेका बाळाला त्याच्याच आईची नक्कल करून दाखवणारा. "माझा सोन्या ना, भाजी खातोच खातो. घरी ना, खातोच खातो." बाळ खुदकन हसे. तोही हसे, पायरीवर, एकटाच.

एकदा जेवताना तो म्हणाला, "काट्यावर नवा कारकून आलाय, नवा आलाय."

"बोलतो कसा?" तिने हातातला घास तसाच ठेवून विचारलं.

त्याने प्रयत्न केला. भसाड्या आवाजात काहीतरी बोलला. जमलं नाही. "तसाच," तो म्हणाला. "जरा जाडा."

घास बराच वेळ तिच्या हातात राहिला. त्याने तो पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी ताडपत्री उचलून मागे टाकली. शेजारची सीट ओल्या फडक्याने पुसली. का पुसली, हे डेपोत कोणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

त्याच सुमारास काम बदललं. आता गाडीच्या मागे ट्रेलर जोडून रस्त्याची यंत्रं ओढायची होती: रोलर, खोदाईची मशिनं. ट्रेलरच्या दांड्याचा भार हुकावर आला की गाडीची मागची बाजू बसायची आणि नाक वर. स्टेअरिंग हातात असं हलकं यायचं की पुढची चाकं माहेरी गेली आहेत की काय असं वाटावं. दिव्यांचा उजेड रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर.

"दोनदाभाऊ, पाखरं शोधताय का?" डेपोतला पहिलवान म्हणाला. पहिलवान म्हणजे अंगाने काडी. नाव कुणी का ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं. "पाटे टाका. अजून दोन. पाटा म्हणजे पाटा. बाकी सगळी थेरं."

मेहुण्याला कसं कळलं देव जाणे. त्याने जन्मात स्कूटरपेक्षा जड काही चालवलं नव्हतं, पण फोनवर व्हिडिओ बघून त्याची सगळ्या विषयांत मुशाफिरी. "भाऊजी, बेसिकली काय आहे ना, बेसिकली तुम्ही हवेचे फुगे बसवा. एअरबॅग. बेसिकली पाटा ही जुनी गोष्ट झाली."

"बघतो, बघतो."

"बेसिकली बघू नका, करा."

शनिवारी दुपारी तो मिस्त्रीकडे गेला. पहिलवान तिथेच होता, स्वतःच्या गाडीखाली निम्मा आत, निम्मा बाहेर. आणखी दोघेतिघे ड्रायव्हर टायरवर बसून चहा पीत होते. मिस्त्री गाडीभोवती फिरला, मागे वाकून बघितलं, काडी चावली.

"काय ओढतोस?"

त्याने सांगितलं.

"किती?"

तेही सांगितलं, यंत्राच्या पाटीवर लिहिलंय तेवढंच. टायरवरच्यांनी माना वर केल्या. एवढा खरा आकडा तिथे सहसा ऐकू येत नसे.

काडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेली. "रिकामा किती फिरतोस?"

त्याने कपाळ पुसलं. टायरवरच्यांकडे पाहिलं, गाडीखालून आलेल्या पहिलवानाच्या पायांकडे पाहिलं. मनात ती सीट आली, तिच्यावरची पुसलेली जागा.

"अर्धा रस्ता," तो म्हणाला. "न्यायला रिकामा जातो, पोचवून रिकामा येतो. महिना महिना परतीचा माल मिळत नाही."

चहाचे कप थांबले. पहिलवानाचे पाय हलायचे थांबले.

मिस्त्रीने दाताखालची काडी बाहेर काढली. ते याआधी कुणी पाहिलं नव्हतं. "मग मागच्या वेळी का नाही बोललास? ते दोन पाटे मी टाकलेच नसते."

"चुकलं."

"शेजारी कोणी बसतं?"

"बसायची."

मिस्त्रीने पुढे विचारलं नाही. गुडघे मोडून तो गाडीमागे बसला आणि सांगायला लागला. जादा पाटे काढायचे. मूळचे राहतील, त्यातले थकलेले बदलू. चाकांचा आस आणि गाडीचा सांगाडा यांच्या मध्ये दोन्हीकडे हवेचे फुगे. ट्रेलर जोडला की हवा भरायची, गाडी सरळ उभी राहील, नाक खाली येईल. ट्रेलर सोडला की हवा सोडायची, गाडी मऊ. "पण सगळी सोडू नकोस. थोडी ठेव. पार रिकामा केलास तर फुगा दुमडतो आणि फाटतो. आणि एक सांगतो, फुगे आले म्हणून जास्त भरायचं नाही. आस तोच आहे, ब्रेक तेच आहेत. मी गाडी सरळ उभी करतो, तिला पहिलवान करत नाही."

"मला कशाला मध्ये घेता," गाडीखालून आवाज आला. मग पहिलवान तोंडाला ग्रीस लावून बाहेर आला. "फुगे. वाढदिवस आहे का कोणाचा?"

कोणी फारसं हसलं नाही. थोड्या वेळाने तो मिस्त्रीजवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ते रिकाम्याचं... माझा एक मित्र आहे. त्याची पण गाडी लाथा मारते."

"मित्राला घेऊन ये," मिस्त्री म्हणाला, आणि काडी परत तोंडात गेली.

गाडी तयार झाली तेव्हा दोनदाने ती मुद्दाम खराब रस्त्याने नेली. रिकामी गाडी खड्ड्यातून अशी उतरली, जशी म्हातारी बाई पायरी उतरते: आधी एक पाय, मग अंदाज, मग दुसरा. तो शेजारच्या सीटकडे बघत होता, तिथे काही हललं का. काही हललं नाही.

घरी शेवटचं बाळ नुकतंच गेलं होतं. ती चटया गुंडाळत होती.

"गाडी मऊ झाली," तो म्हणाला.

"बरं झालं."

"येतेस का?"

तिचे हात थांबले. "कुठे?"

"सोमवारच्या फेरीला. तीन दिवसांची आहे."

ती गुंडाळलेल्या चटईवर बसली. म्हणाली, "आत्ता विचारताय होय."

"तूच म्हणालीस ना, लखलाभ."

"कंबर मोडलेली बाई काय आरती म्हणणार होती? बरी झाल्यावर मी पिशवी भरून ठेवली होती. दोन साड्या, उशी. कपाटाच्या खाली होती कितीतरी दिवस. तुम्ही रोज निघतो, निघतो म्हणायचात आणि निघायचात. मग एक दिवस मीच साड्या काढून ठेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहिलं बाळ आलं."

त्याला कपाटाखाली बघावंसं वाटलं. तो उभाच राहिला.

"आता ही बाळं कुठे ठेवू?" ती म्हणाली. चिडून नाही; खरंच विचारल्यासारखं. "यांच्या आया माझ्या भरवशावर जातात हो. तीन दिवस नाही जमायचं. तीनच काय, एक दिवसही नाही."

"नको, नको," तो म्हणाला. "राहू दे."

सोमवारी पहाट उजळल्यावर तो गाडी सुरू करायला आला, तर ती पायात चपला घालून केबिनच्या दाराशी उभी. "काट्यापर्यंत येते," ती म्हणाली. "तिथून चालत परत येईन. बाळं यायला वेळ आहे."

तिला चढायला त्याने हात दिला. माल भरण्याआधी रिकाम्या गाडीचं वजन करावं लागतं, म्हणून काट्याचा रस्ता रिकाम्या गाडीचाच. तो इतका हळू गेला की एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला. वाटेत तिने खिडकीची काच खाली करून, वर करून पाहिली, सीटवर हात फिरवला. काट्यावर नव्या कारकुनाने आवाज दिला, तिने तो दोनदा नीट ऐकून घेतला आणि खाली उतरली. आरशात ती लहान होत जाताना दिसत राहिली, पदर खोचून, भराभर, बाळांच्या दिशेने. कारकून ओरडला तेव्हा त्याने गाडी पुढे घेतली.

पुढे तसंच ठरून गेलं. फेरी असली की ती काट्यापर्यंत यायची. भरलेल्या गाडीची वाट बघणारा माणूस आता रिकाम्या तुकड्याची वाट बघायला लागला, आणि तो तुकडा फार आखूड होता. एका सकाळी निघताना तो म्हणाला, "काट्याला तळ्याकडूनही जाता येतं. लांब पडतं थोडं."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. "आज नाही जमायचं. सगळ्यांत आधी येतात ना ती जुळी, त्यांच्या आईला मंगळवारी उशिरा जायचं असतं. मंगळवारी घ्या तो रस्ता."

"मंगळवारी," तो म्हणाला, आणि गाडी नेहमीच्या रस्त्याला लावली.

त्या दिवशी बुधवार होता.