खंडेनवमीची पक्कड

खंडेनवमीला शेजारच्या शांताबाईंकडे पूजेला गेलो. दरवर्षी पाटावर त्यांचा ऊसतोडीचा कोयता एकटाच असतो. यंदा त्याच्याशेजारी एक पक्कड मांडलेली होती. शांताबाईंनी आधी कोयत्याला हळदकुंकू वाहिलं, मग पक्कडीला. पक्कड त्यांच्या मुलीची, सविताची. ती सरकारी आयटीआयमध्ये शिकली, सरकारच्याच विद्यावेतनावर उमेदवारी केली आणि आता गावाची वायरमन झाली आहे.

रोजगाराच्या अशा योजनांच्या बातम्या मी चहाबरोबर वाचतो आणि पान उलटतो. एखादी योजना कुणाच्या घरी झेंडूची फुलं लेवून पाटावर बसेल, हे कधी मनातच आलं नव्हतं.

तेवढ्यात वीज गेली. आळीतल्या खांबावरचा जोड सुटल्याचा सविताला फोन आला. तिने सरळ पाटावरची पक्कड उचलली.

"अगं, पूजेतलं हत्यार आज उचलू नाही!" शांताबाई ओरडल्या.

"मग काय समद्यांनी अंधारात बसायचं, आई?"

सप्लाय बंद करवून ती खांबावर चढली. खाली अख्खी आळी माना वर करून उभी. कुणी विचारलं नव्हतं, तरी शांताबाई सांगत सुटल्या, "आमची सविता हाय ती." माझी लेक नसली तरी माझीही छाती फुगली.

दिवे आले. पक्कड पाटावर परतली, तेव्हा तिच्यावरचं कुंकू पुसून गेलं होतं. शांताबाईंनी करंडा पुन्हा उघडला. या वेळी त्यांनी आधी पक्कडीला कुंकू लावलं, मग कोयत्याला.