हजर माणसाची अट

ऑफिसात ताईला नकारघंटा म्हणत, आणि अगदी तोंडावर म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. एखादा वकील दारात घुटमळला की तीच आतून म्हणे, "या, या, घंटा इथेच आहे."

बाजारांवर देखरेख ठेवणारं सरकारी कार्यालय होतं ते, आणि सूट मागणाऱ्यांचे अर्ज तिच्या टेबलावर येत. म्हणजे कसं, की परदेशातला एखादा वायदे बाजार असतो. तांबं, तेल, धान्य यांचे पुढच्या तारखांचे सौदे तिथे आजच होतात. त्याला आपल्या इथल्या दलालांशी धंदा करायचा असतो. कायदा म्हणतो, मग इथे रीतसर नोंदणी करा आणि इथले नियम पाळा. बाजार म्हणतो, आमच्या घरचा नियामक आमच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो, वर तुमचा जाच कशाला? हेच पानंच्या पानं भरून लिहायचं, लोकांच्या हरकती मागवायच्या, सुनावणी व्हायची आणि अटी घालून सूट मिळायची, नाहीतर नाही मिळायची. पाहुण्यांचं पोर भिंतीवर रेघोट्या ओढतं आणि त्याची आई कौतुकाने म्हणते, घरी आम्ही खूप रागावतो हो त्याला! तसलाच प्रकार. ताई प्रत्येकाला विचारी, "घरी रागावतात, ते कुणी पाहिलंय?"

या चिडीचं मूळ ऑफिसात नव्हतंच. तिचा धाकटा भाऊ जन्माला आला तोच सूट घेऊन. भांडी घासायची, ताईने. रांगेत उभं राहायचं, ताईने. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा रात्र-रात्र जागायचं, तेही ताईने. कारण काय, तर तो लहान आहे. आता लहानाला टक्कल पडायला आलं होतं, तो परदेशातल्या एका वायदे बाजारात मोठ्या हुद्द्यावर होता, आणि आईच्या लेखी अजून लहानच होता. आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला उठवायला-बसवायला माणूस लागे. तो माणूस म्हणजे ताई. धाकटा फोन करी, काळजी घे म्हणे आणि ठेवून देई.

अशात ताईची एका वर्षासाठी निवड झाली. दुसऱ्या देशातल्या नियामकाकडे जाऊन त्यांचं काम आतून बघायचं, शिकायचं. या वयात पुन्हा अशी संधी येणार नव्हती. तिने आयुष्यात स्वतःसाठी फारसं काही मागितलं नव्हतं, पण हे तिला हवं होतं, अगदी हावरटासारखं हवं होतं. अडचण एकच, आईला वर्षभर कोण बघणार?

नेमका तेव्हाच धाकटा उगवला. बूट न काढता थेट सोफ्यावर बसला.

"ताई, आमचा अर्ज तुझ्याकडे येतोय. मी सही केलीय."

"मग? घरी का आलास?"

"सूट मिळाली की इथे ऑफिस उघडतोय आम्ही. मीच येणार. आईला मी ठेवून घेतो, तू खुशाल जा." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तेवढं बघ म्हणजे झालं."

आईचे डोळे भरून आले. "बघ, किती करतो माझ्यासाठी," ती म्हणाली. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. केलं काय त्याने? नुसतं बोलला!

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सगळं सांगून टाकलं. भाऊ आहे, घरी येऊन असं असं बोलला, हा अर्ज मला नको. नातेवाइकाचं प्रकरण हाताळायचं नाही, असा नियमच होता. साहेबांनी चष्मा पुसला.

"बाई, हे काम येणारं दुसरं कोण आहे इथे? आणि तुम्ही सख्ख्या भावाला सोडाल असं कुणालाही वाटणार नाही. त्या नियमातून मी तुम्हाला सूट देतो. कागदावर नोंद करतो, आणि अखेरची सही माझी."

जन्मात पहिली सूट मिळाली, तीसुद्धा अशी. तिला हसावं की रडावं कळेना.

अर्ज मात्र चोख होता. त्यांचा घरचा नियामक खरोखर कडक होता, हिशेब वेळेवर होते, ग्राहकांच्या ठेवी वेगळ्या ठेवलेल्या होत्या. नाकारायला जागा नव्हती, हे तिला मनातून आवडलं नाही. मग ती शेवटच्या पानावर आली. बाजारातर्फे उत्तर द्यायला इथे एक जबाबदार माणूस हजर असावा, अशी एक जुनी अट होती. सगळे बाजार एखाद्या वकिलाचा पत्ता देऊन मोकळे होत आणि कुणी विचारत नसे. धाकट्याने त्या अटीतूनही सूट मागितली होती. माणूस ठेवण्याचा बाजाराचा इरादा नाही, असं सरळ लिहून. म्हणजे ऑफिस नाही, तो येणार नाही, आई-बिई सगळ्या थापा. तिच्या तोंडाला पानं पुसायला निघाला होता.

सुनावणीत समोर तो होता, कडक इस्त्रीच्या कपड्यांत. साहेबांनी त्यांचं नातं आधी वाचून दाखवलं, कुणी हरकत घेतली नाही.

"तुम्ही हजर माणसाच्या अटीतूनही सूट मागितली आहे," ताई म्हणाली. तिथे त्याला अहो-जाहोच करावं लागत होतं.

"ती नावापुरती अट आहे, मॅडम. पत्ता दिला की भागतं."

"मग सूट कशाला मागितली?"

त्याने समोरचे कागद उगाच चाळले. उत्तर असणार कुठून? समोर दिसेल त्यातून सूट मागायची, ही त्याची लहानपणची खोड. गप्प बसला असता तर याही वेळी कुणी विचारलं नसतं. आता मागणीच केली म्हटल्यावर कार्यालयाला निकाल देणं भाग होतं, आणि निकाल द्यायचा तर 'हजर' म्हणजे काय, ते आधी ठरवावं लागणार.

"उद्या सौदे अडकले तर इथल्या दलालांनी कुणाच्या नावाने बोंब मारायची?" तिने विचारलं. "पत्त्याच्या पाटीच्या?"

हरकतदार दलाल हसले. धाकटा लालबुंद झाला.

तिने बाकी सगळी सूट द्यावी असं लिहिलं आणि ही एक नाकारली. हजर म्हणजे बाजाराच्या नोकरीतला, इथे राहणारा, रोज ऑफिसात सापडणारा माणूस. लिहिताना तिला माहीत होतं की हे बरोबर आहे. यात आपला सूडही आहे, हेही माहीत होतं, आणि त्याची तिला मुळीच लाज वाटली नाही. साहेबांनी दोनदा वाचून सही केली. बाजाराचे मालक धाकट्यावर भडकले. तूच घोळ घातलास, आता तूच जाऊन राहा, म्हणाले.

तो इथे घर घेऊन राहायला आला त्याच आठवड्यात ताई आईला घेऊन त्याच्या दारात उभी राहिली.

"ताई, अगं, आधी विचारायचं तरी. अजून सामानसुद्धा लावलेलं नाही," तो दार अडवून म्हणाला. "आणि तुझ्यामुळे मी इथे येऊन पडलोय, कळतंय का तुला?"

"कळतंय."

"राहू दे गं," आई म्हणाली. "त्याला कशाला त्रास? तू पुढच्या वर्षी जा."

"पुढच्या वर्षी कुणी बोलावणार नाही मला," ताई म्हणाली. "मी दमलेय, आई. मला त्याचा राग येतो आणि तुझाही येतो. रोज येतो."

ताईने भावाला बाजूला सारून आईला आत नेलं, खुर्चीत बसवलं, औषधं कोणती आणि कधी द्यायची ते त्याला दोनदा सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग ती निघाली.

जिन्याच्या वळणावर पिशवीची दोरी सुटली म्हणून ती थांबली. वरचं दार अजून उघडंच होतं. आतून आईचा आवाज आला, इतका मऊ की ताईला क्षणभर ओळखू आला नाही.

"किती वाळलास रे. जेवलास का?"

इतकी वर्षं एका घरात राहून आईने हे तिला कधी विचारलं होतं, ते ताईला आठवेना. तिने दोरीची गाठ मारली आणि ती खाली उतरली.