वाटेत ओढे किती

सेंगदुआन बावीस वर्षं निवासी शाळेत भात वाफवते आहे. दर सप्टेंबरात नवी मुलं डोंगरातून उतरतात. त्या दिवशी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून ती प्रत्येकाच्या मनगटाला पांढरा दोरा बांधते. माणूस नव्या जागी येतो, पण त्याचा जीव मागे रेंगाळतो. त्याला हाक मारायची आणि दोऱ्यानं बांधून ठेवायचं. तिच्या आईनं हेच केलं होतं, तीही तेच करत आली.

त्या वर्षी पाहुआ नावाच्या, डोंगरातल्या हमोंग जमातीच्या अकरा वर्षांच्या मुलीनं हात मागे घेतला.

"माझा जीव घरीच आहे, मावशी. तुम्ही लाओ भाषेत हाक मारताय. त्याला लाओ कळत नाही."

मुलं हसली. सेंगदुआन हसली नाही.

पाहुआ जेवेना. शनिवारी तिचा मामा बाजाराच्या ट्रकनं येणार होता, त्याच्याबरोबर ती परत जाणार होती. मुख्याध्यापक म्हणाले, "दर वर्षी दोघं-तिघं जातातच. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

"गेलेल्यांची नावं मला पाठ आहेत, सर. तुम्हाला आहेत का?"



बुधवारी ती बाजारात झाडपाला विकणाऱ्या हमोंग म्हातारीपुढे जाऊन बसली.

"जिवाला कसं बोलावता ते शिकव मला, आजी."

"लाओ बाई हमोंग जिवाला बोलावणार? हसत सुटेल तो."

"हसत आला तरी चालेल."

"घरच्या माणसानं घरच्या दारातून बोलवायचं असतं. तू तिची कोण?"

"तिचा भात मी वाफवते."

म्हातारीनं जुड्या बाजूला सारल्या. "नीट बस मग. वाट सांगत सांगत आणायचं असतं त्याला."

तीन दिवस सेंगदुआन चुलीपुढे पुटपुटत राहिली. एकदा भात वाफवायच्या टोपलीखालचं पाणी आटलं आणि भांडं करपलं. तिनं ते घासलं. पुटपुटणं चालूच.

शनिवारी सकाळी ट्रक फाटकाशी थांबला. पाहुआ बोचकं घेऊन निघाली. स्वयंपाकघराच्या दारात सेंगदुआन उभी होती. तोंड डोंगराकडे, हातात तांदळाची वाटी, तांदळात अंडं आणि पेटती उदबत्ती. मोडक्यातोडक्या हमोंगमध्ये ती हाक मारत होती.

"ये, पाहुआच्या जिवा. मक्याच्या शेतातून ये. ओढा ओलांडून ये. इथं भात आहे, अंडं आहे. खिडकीजवळची खाट तुझी आहे."

मामानं टोपी काढली. पाहुआ जागीच थबकली.

"मावशी, ओढे दोन आहेत."

सेंगदुआन थांबली.

"तुम्ही एकच सांगितलात. तो मधेच अडकून बसेल."

"दुसरा कुठं आहे?"

"जळक्या सागाच्या पलीकडे. खोल आहे. तिथं आई हात धरते."

सेंगदुआननं पहिल्यापासून सुरुवात केली. शेत आलं, पहिला ओढा आला, जळका साग आला. दुसऱ्या ओढ्याशी तिनं मोकळा हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला.

ट्रकचा भोंगा दोनदा वाजला. पाहुआनं बोचकं खाली ठेवलं. मामा एकटाच चढला.

दोरा सेंगदुआन अजूनही बांधते. खमू जमातीच्या मुलांसाठी त्यांच्या भाषेतली हाक तिनं पुढच्याच वर्षी शिकून घेतली. पण आता नवं मूल पायरीवर येऊन बसलं की ती आधी विचारते, "वाटेत ओढे किती?" आणि मूल बोटांवर मोजेपर्यंत थांबते.