अध्यक्षांचा सहाचा स्लॉट

“बसा सर, अण्णा उठलेलेच हैत,” असं म्हणून बसवराजने चहा पुढे केला. आतून घोरण्याचा आवाज येत होता. पण बसवराज हा अण्णांचा भाचा आणि पीए असल्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत होत्या.

मी पर्सनल ट्रेनर आहे. नळदुर्गला राहतो, मोटारसायकलवरून आसपासच्या गावांत जातो आणि लोकांकडून व्यायाम करून घेतो. मला साहेब नाही, म्हणून पगारही नाही. विकायला एकच माल आहे, तास. एका गिऱ्हाइकाला दिलेल्या ठरावीक तासाला आम्ही स्लॉट म्हणतो. तो वाया गेला की दुसऱ्या दिवशी स्वस्तात काढता येत नाही. भाजीवाल्याला तेवढी तरी सोय असते.

सकाळी सहाचा स्लॉट अण्णांचा होता. अण्णा कंत्राटदार, शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आणि उरलेल्या सगळ्या ठिकाणी मार्गदर्शक. त्यांच्या गावाचं नाव सांगत नाही, कारण अणदूरकडचा तो रस्ता मला अजून रोज लागतो. डॉक्टरांनी साखरेवरून दम दिल्यावर अण्णांनी व्यायाम सुरू केला. म्हणजे व्यायामाचं उद्घाटन केलं. मला फेटा, शाल आणि नारळ मिळाला. अण्णांनी डंबेल धरून फोटो काढला. त्यानंतर डंबेलची आणि त्यांची भेट झाली नाही.

मी मात्र रोज हजर हवा होतो. आमच्याकडे मोठ्या माणसाने ट्रेनर ठेवणं हे ड्रायव्हर ठेवण्यासारखं असतं. गाडी कुठे जायची नसली तरी ड्रायव्हर दारात दिसला पाहिजे. ओसरीवर आपापली कामं घेऊन आलेली माणसं बसलेली असत. त्यातल्या एका काकांनी आपुलकीने विचारलं, “तुमचं बी बदलीचंच काम व्हय?”

माझं काम खरं तर सातला मैदानावर उभं असायचं. कोमल तिचं नाव. पोलीस भरतीची तयारी करत होती आणि मैदानी चाचणी तोंडावर आली होती. आठशे मीटर पळायचं असतं. पहिली फेरी ती वारं प्यालेल्या वासरासारखी पळायची आणि दुसऱ्या फेरीत तिचे पाय जमिनीला चिकटायचे. यावर उपाय म्हणजे पेसिंग, दम वाटून वापरणं. ते एकट्याने शिकता येत नाही. वेळ बघून ‘आत्ता सावकाश, आत्ता सोड’ असं सांगणारं कुणीतरी लागतं. ते कुणीतरी अण्णांच्या ओसरीवर तिसरा चहा पीत असायचं.

तिला वस्तीवरून घेऊन येणारे तिचे वडील, महादूमामा, शेवटी बोललेच. “सर, तुमी येता साडेसातला. मला आठला डेअरीवर दूध घालायचं असतंय. पोरीनं पळायचं कवा?”

“मामा, अण्णा सोडत नाहीत.”

“मग सांगा त्यास्नी, जमत न्हाय म्हणून.”

“हे मैदान कुणाच्या संस्थेचं आहे?”

मामांनी फाटकाकडे पाहिलं. फाटकावर शाळेच्या नावापेक्षा अण्णांचं नाव मोठं होतं. “मग नका सांगू,” ते म्हणाले.

स्वतःचा धंदा करणाऱ्यांनी वेळ कसा वाचवावा, यावरचे व्हिडिओ मी त्याच ओसरीवर बसून पाहिले होते. त्यातला गृहस्थ सांगत होता, ‘नाही’ म्हणायला शिका. त्याच्या मागे समुद्र दिसत होता. त्याला मैदान लागत नसावं.

त्या संध्याकाळी मी अण्णांना गाठलं.

“अण्णा, व्यायामाचं बोलायला आलो नाही.”

“हे बरं केलं,” अण्णा मनापासून म्हणाले.

“मैदानावर भरतीचा सराव चालतो. तो रोज अध्यक्षांच्या हस्ते सुरू व्हावा, असं वाटतं.” वाटणारा मी एकटाच होतो, हे सांगायची वेळ आली नाही.

“रोज? कवा?”

“सहाला.”

“त्या टायमाला माणसं असतेत का बघायला?”

“दूधवाले, फिरायला येणारे, सगळे असतात.”

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. “शिट्टी कोण वाजवणार?”

“तुम्हीच.”

दुसऱ्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा अण्णा पांढऱ्या कपड्यांत हजर होते आणि त्यांची गाडी धावपट्टीवर उभी होती. ती हलवली. अण्णांनी शिट्टी वाजवली, बसवराजने फोटो काढला आणि कोमल पळाली. अण्णा निघणार, इतक्यात मी म्हणालो, “खरी जबाबदारी पलीकडच्या टोकाला आहे. पोरगी तिथेच चुकते. तिथे अधिकाराने ओरडणारा माणूस लागतो. माझं काही ती ऐकत नाही.”

अण्णा पलीकडच्या टोकाला चालत निघाले. पुढच्या धावेला शिट्टीसाठी अलीकडे, सूचनेसाठी पलीकडे. मी घड्याळ बघून हात वर करायचो, ते पाहून अण्णा गरजायचे, “दमानं, कोमल, दमानं. आत्ताच सगळं उधळू नगं.” बसवराजने चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांना गाडीतून पलीकडे सोडायची तयारी दाखवली. अण्णा त्याच्यावर खेकसले, “ट्रॅकवर गाडी घालतोस? अक्कल हाय का?”

मामा वेळेवर डेअरीवर पोहोचू लागले. कोमल सहालाच येऊ लागल्यामुळे सातचा स्लॉट मोकळा झाला, तो मी बँकेतल्या एका बाईंच्या आखडलेल्या खांद्याला दिला. अण्णांची साखर उतरली. डॉक्टरांनी व्यायामाबद्दल कौतुक केलं, तर अण्णा म्हणाले, “व्यायामाला मला वेळ कुठं हाय?”

कोमल मैदानी चाचणी पास झाली. दुसऱ्या फेरीत पाय चिकटले नाहीत. चौकात बॅनर लागला. त्यात शिट्टी फुंकणारे अण्णा पूर्ण उंचीचे, कोमल कमरेपर्यंत, आणि शुभेच्छुकांच्या रांगेत मोबाईलच्या दुकानदाराशेजारी मी, फक्त डोकं.

आता ती लेखी परीक्षेसाठी अभ्यासिकेत बसते. परवा पहाटे अण्णांचा फोन आला. “सर, मैदानावर कोणच न्हाय. शिट्टी वाजवायची कुणासाठी?”

म्हणून सध्या मी भरतीला बसणारी पोरं शोधतो आहे, अण्णांच्या प्रकृतीसाठी. या धंद्यात एवढंच शिकलो. मोठ्या माणसाला व्यायाम सांगू नये, पद द्यावं. मात्र ते पद खुर्चीपासून लांब असावं.