पऱ्हाटीत वाजलेला नववा भाग

मी एका अ‍ॅपवर गोष्टी टाकते, माझ्याच आवाजात, भाग एक, भाग दोन अशा. माझ्या गोष्टीतले लोक दुखलं की सरळ बोलत नाहीत. प्रत्येकाची स्वतःले वाचवाची एक तऱ्हा असते, अन् ती तऱ्हा मी जनावरांकडून घेते. आता सायाळ घ्या! ती काटे फेकते म्हणतात न, ते साफ खोटं. ती पाठ करून उलटी धावते अन् काटे घुसवते. माझ्या गोष्टीतला मास्तर तसाच, रागावला की तोंड फिरवते अन् पाठमोराच टोचून बोलते. त्याचा भाऊ खवल्या मांजर. खवल्या मांजराच्या तोंडात एकही दात नसते! म्हणून ते अंगाची गुंडाळी करून पडून राहते.

अन् नायिका टिटवी. टिटवी भुईवर अंडी घालते, कोणी आलं की अंड्यांपासून दूर जाऊन बोंबलते. म्हणजे जिथं ती सगळ्यात जास्त ओरडते, तिथं अंडी नसतातच! हे समजलं तेव्हा मी खाटेवरून उठून उभीच राह्यली. आमच्या घरात एक तशीच होती.

माझी ताई. राखीले आली ते सासरी परत गेलीच नाही. कोणी विचारलं, "काहून वो, कवा जातं?" तं म्हणे, "नवरा वजन कमी करून राह्यला, माह्या हातचं खाल्लं तं वाढन न!" सगळे हसत. आई तं काही विचारतच नव्हती. सशीण दिवसभर पिल्लांजवळ फिरकत नाही, कोणाले पिल्लांचा पत्ता लागू नये म्हणून. आईचं तसंच होतं का, मले माहीत नव्हतं.

दसऱ्याले उशा उन्हात टाकताना ताईच्या उशीच्या खोळीत प्लास्टिकची पन्नी लागली. आत दहावीची मार्कशीट, आधार कार्ड, टीसी. ताई रोज सकाळी खोळीत हात घालून चाचपते, हे मग माझ्या ध्यानात आलं. मी तिले विचारलं नाही. माझ्या गोष्टीच्या नवव्या भागात लिहून टाकलं.

तिकडं रविवारची बैठक ठरली. ताईचा नवरा अन् मामेसासरा येणार, तिले घेऊन जाणार. बाबा म्हणे, "पोरगी हसून-खेळून आहे, मोठं काही नसन." म्हणजे ताई रविवारी पण हसली, तं गेलीच.

शुक्रवारी पऱ्हाटीत कापूस वेचाले गेलतो. आमच्याकडं वेचताना कोणातरी एकीचा फोन गळ्यात लटकलेला असते, आवाज फुल, सगळ्या ओळी ऐकतात. त्या दिवशी शेजारच्या काकूचा होता. मले वाटलं, भजनं लावन. अन् पऱ्हाटीतून माझाच आवाज आला! गावातल्या बायकांच्या ग्रुपवर लिंक मीच टाकलती, बयताडासारखी. ताई बाजूच्याच ओळीत होती.

"तिनं उशीच्या खोळीत हात घातला, कागद चाचपले..."

"माय वो," काकू म्हणे, "घरच्या घरात कागद कायले लपवते?"

"पोट्टीच खोडीची असन," मागून एक जण.

ताईचा हात बोंडावरच थांबला. तिनं माझ्याकडं पाह्यलं. मी वाट पाहून राह्यली, आता काहीतरी फेकन, सगळ्या हसतीन. तिनं ओटी सोडून गाठोड्यात कापूस टाकला अन् शेताच्या धुऱ्याकडं, बांधावर निघाली. मी मागं धावली.

"कवा पाह्यलं?"

"दसऱ्याले."

"मले नाई विचारलं. गावाले सांगतलं."

"ताई, नाव कुठंच नाही टाकलं..."

"नाव लागते का?" मग खाली पाहून म्हणे, "अन् सांगतलं तेही अर्धं. बारावीची मार्कशीट त्यानं चुलीत घातली. नर्सिंगचा फॉर्म भरणार होती न मी. माह्यासमोर घातली. अन् मी हसली. त्याले वाटलं, चालते."

मी फोन काढला. "डिलीट करू?"

"आता काय करतं? दहाव्या भागात काय लिवलं?"

"ती सासरी जाते. हसत."

"तो टाकू नको," म्हणे अन् परत ओळीत जाऊन वेचाले लागली. दोन दिवस माझ्याशी एक शब्द नाही.

रविवारी मामेसासरे ओसरीत बसले. "सूनबाई, गाडी आणली. बॅग भरली का?"

"एवढी मोठी गाडी! वऱ्हाड आणलं का मामाजी?"

सगळे हसले, बाबा सगळ्यात जास्त. संपलं, वाटलं. मग तिचा नवराही हसला. ताई त्याच्याकडं पाहतच राह्यली.

"माही मार्कशीट यानं चुलीत घातली," म्हणे. "मी येत नाही."

मामेसासरे म्हणे, "एका कागदासाठी संसार मोडतं का, बाई?" बाबा काही बोलाले तोंड उघडून राह्यलते, तेवढ्यात आतल्या दारातून आईचा आवाज आला, "त्याले विचारा न. घातली का नाई?"

सगळे जावयाकडं पाहाले लागले. त्यानं फोन काढला, परत खिशात ठेवला. हो पण नाही, नाही पण नाही. बाबांनी त्याच्यासमोरचा चहाचा कप उचलून बाजूले ठेवला. थोड्या वेळानं गाडी ताईशिवाय गेली.

परवा आम्ही दोघी एसटीनं अमरावतीले बोर्डाच्या ऑफिसात गेलतो, मार्कशीटची दुसरी प्रत काढाले. वाटेत मी विचारलं, हे लिहू का? ताईनं खिडकीची काच सारली. मग म्हणे, "लिही. पण आधी मले वाचून दाखव."

वाचून दाखवलं. दोन ओळी काढ म्हणे. काढल्या.