अकरा मिनिटांची सिव्हिल इंजिनिअर

"जो कोणी ती सीट अडवून बसलाय ना, त्याला लाज कशी वाटत नाय?" बाहेरच्या बाकावरून गायकवाड काका म्हणाले.

"बराबर," शेजारचे शिंदे काका म्हणाले. "फौजेत असता तर ग्राउंडला दहा चक्कर मारायला लावल्या असत्या."

मी काचेच्या आत बसले होते. सीट अडवणारे दोघंही मला समोर दिसत होते. एकाच डब्यातली भाकरी खात होते.

मी नाशिकच्या एका खाजगी विद्यापीठात ॲडमिशनचं काम बघते. वेटलिस्ट माझ्याकडे असते. ब्रँच भरली की उरलेल्या मुलांची रांग लागते, ती वेटलिस्ट. कोणी सीट सोडली की ती पहिल्या नंबरला मिळते.

गायकवाड काका दिंडोरीचे, द्राक्षबागायतदार. त्यांच्या श्रावणीला कॉम्प्युटर मिळालं होतं, हवं होतं एआय. शिंदे काका देवळाली कॅम्पचे, निवृत्त हवालदार. त्यांच्या ओंकारला एआय मिळालं होतं, हवं होतं कॉम्प्युटर. दोन्ही मुलं हव्या त्या ब्रँचच्या वेटलिस्टवर पहिली. यादीत नावं नसतात, फक्त अर्ज क्रमांक. त्यामुळे तीन दिवस दोन्ही वडील एका अज्ञात माणसाला मिळून शिव्या देत होते.

आधी कोणी सीट सोडायची, हा प्रश्न होता. रद्द केली की मूल वेटलिस्टमधूनही बाहेर. आणि यादी त्या दिवशी पाचला बंद होणार होती.

मी आमच्या ऑफिसच्या प्रमुख सरांकडे गेले.

"सर, या दोघांची अदलाबदल करता येईल?"

"सिस्टिममध्ये तसं बटण आहे?"

"नाही."

"मग संपलं."

"पण दोघांना सांगितलं तर..."

"वेटलिस्टमधली नावं कॉन्फिडेन्शिअल असतात. प्रोसेस चालू आहे म्हणून सांग."

मी खिडकीतून सांगितलं, प्रोसेस चालू आहे. तिसऱ्या दिवशीही ते दोघांना खरं वाटलं, याचं मला जास्त वाईट वाटलं.

चार वाजता माझं लक्ष सिव्हिलकडे गेलं. तिथे सीट रिकाम्या होत्या. रिकाम्या सीटवर ट्रान्सफर घेतली तर वेटलिस्टचा नंबर जात नाही. म्हणजे श्रावणी थोडा वेळ सिव्हिलला गेली, की कॉम्प्युटरची सीट ओंकारला, आणि ओंकारची एआयची सीट श्रावणीला. पण ट्रान्सफरच्या फॉर्मवर वडिलांची सही लागते. कारण कळल्याशिवाय कोण करेल?

माझं शिक्षण इंग्रजीत झालंय. मराठी वाक्य मी आधी मनात लावून घेते. ते चार वेळा लावलं आणि बाहेर गेले.

"गायकवाड काका, तुम्हाला हवी ती सीट यांच्याकडे आहे. यांना हवी ती तुमच्याकडे."

दोघांचं चावणं थांबलं.

"मतलब तीन दिवस मी यांची भाकरी खाऊन यांनाच शिव्या देतोय?" शिंदे काका म्हणाले.

"आन् मी वाढतोय," गायकवाड काका म्हणाले.

मी सिव्हिलचं समजावलं. गायकवाड काकांनी पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

"आन् पोरगी तिथंच अडकली तर? तिला लय आवड हाय हो त्या एआयची."

"मी हितून हलत नाही," शिंदे काका म्हणाले. "तुमच्या पोरीचं झाल्याशिवाय घरी जाणार नाही."

सही झाली. चार बेचाळीसला श्रावणी सिव्हिल इंजिनिअर झाली. कॉम्प्युटरची सीट ओंकारच्या नावावर दिसली. ती स्वीकारायला ओटीपी लागतो, आणि तो गेला ओंकारच्या आईच्या मोबाइलवर, देवळाली कॅम्पला. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही हे तिला बँकेने शिकवलं होतं. फोनवर नवऱ्यालाही तिने सांगितला नाही.

"माझा आवाज ओळखत नाहीस?"

"आवाज आजकाल कोणाचाही काढतात. लग्नाची तारीख सांगा."

शिंदे काकांना तारीख आठवेना. गायकवाड काका भिंतीवरच्या घड्याळाखाली जाऊन उभे राहिले. शेवटी काकांसोबत आलेल्या ओंकारने त्यांच्या हातातला फोन घेऊन आईवडिलांच्या लग्नाची तारीख सांगितली, आणि ओटीपी मिळाला.

चार त्रेपन्नला श्रावणी एआयला पोहोचली.

तेव्हापासून मी फॉर्म भरतानाच ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जाणार ते विचारते. बाकी नियम तेच आहेत.

सव्वापाचला सरांनी बोलावलं.

"तू पॅरेंट्सना नावं सांगितलीस?"

"नाही सर. नावं त्यांना एकमेकांची तीन दिवसांपासून माहीत होती. मी फक्त सीट कुठे आहे ते सांगितलं."