बारदानातली गांडुळं

बिलोलीहून निघाले तेव्हा मांडीवर ओलं बारदान (गोणपाट) होतं आणि त्यात माझी गांडुळं. आमच्या विहिरीनं तळ दाखवला होता, खताचा खड्डा सुकत चालला होता. निलंग्याजवळच्या एका गावात रासायनिक खताशिवायच्या, म्हणजे नुसत्या शेण-पाल्यावरच्या शेतीचा मेळावा भरणार होता. ‘विहिरीला पाणी आहे, गांडुळं घेऊनच या,’ असा निरोप आला. तिथं तरी जगतील बिचारी, म्हणून मी निघाले.

देगलूरला एसटी बदलली. कंडक्टरनं वाकून विचारलं, “बाई, ह्यात काय हाय?”

“गांडुळं.”

“अरे देवा! मग तिकिटं किती फाडू?”

सगळी एसटी हसली. मीही हसले, पण दर थोड्या वेळानं बोट घालून ओल बघत होते. उदगीरला फिरकीच्या झाकणाच्या तांब्यातलं उरलंसुरलं पाणी बारदानावर शिंपडलं. बाहेर तुरीची खुंटं आणि उघड्या बाभळी. शेजारचे आजोबा म्हणाले, “लातूर जिल्हा नवा केला, पन ढग जुन्याच जिल्ह्यात ऱ्हायले वाटतं.”

गावात उतरले तर घागरींची रांग, टँकरची वाट. “विहीर परवाच आटली, ताई,” मेळाव्याचे कार्यकर्ते खाली मान घालून म्हणाले.

रांगेतल्या एका मावशींनी विचारलं, “कुनाच्या म्हनायच्या तुमी?”

हा प्रश्न मला लहानपणापासून ओळखीचा. माझी आई विहिरीपासून लांब उभी राहून ओंजळ धरायची, वरून कुणी पाणी ओतायचं. मी कधी अशी ओंजळ धरणार नाही, असं ठरवलं होतं.

“आम्ही बौद्ध. जय भीम,” मी म्हणाले.

मावशी घागर उचलून रांगेत पुढं सरकल्या. पाणी मागायला माझी जीभ उचलेना.

मंडपात पाहुण्यांना एकेक पेला पाणी मिळालं. गांडूळ माती कशी भुसभुशीत करतं, ओल कशी मुरते, हे मी उभी राहून सांगत होते, पण लक्ष सगळं बारदानात. वरची माती पांढरी पडली होती. शेवटी राहवेना. माझा पेला उचलला आणि सगळा त्यात ओतला.

“अगं बया! पानी सांडलं की!” समोर बसलेल्या, रांगेतल्या त्याच मावशी ओरडल्या. “आमची लेकरं रांगेत, अन् तुमी किड्यान्ला पाजून राहिल्या?”

मंडप खवळला. खरंच होतं त्यांचं. मी बारदान त्यांच्यापुढं नेऊन उघडलं. वरची गांडुळं मेली होती. खाली, शेणाच्या गोळ्यात, लाल गुंता हळूहळू हलत होता.

मावशी कितीतरी वेळ वाकून बघत राहिल्या.

“न्हानीचं (अंघोळीचं) पानी चालतंय का ह्यान्ला?”

“चालतं. साबणाचं तेवढं नको.”

“साबन कुटं हाय इथं! आना इकडं.”

त्यांच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर एकच केळ तग धरून होती. तिच्या बुडाशी आम्ही दोघींनी बारदान रिकामं केलं, वर पाला पसरला. मावशी घरातून तांब्या घेऊन आल्या. न ठरवताच माझे दोन्ही हात ओंजळ होऊन पुढं झाले. अशी चीड आली स्वतःची!

“हे काय? धरा की तांब्या,” मावशी म्हणाल्या.

मी तोंड लावून प्याले. तळाशी घोटभर उरलं, ते मावशींनी तसंच तोंडाला लावून संपवलं. पाणी कोण फेकतंय!

घरी पोचल्यावर आईला सगळं सांगितलं: कंडक्टर, आटलेली विहीर, मेलेली गांडुळं, केळ, मावशींचा तांब्या. तिनं गांडुळांचं काहीच विचारलं नाही.

“उरलेलं ती प्याली?”

“प्याली.”

आई चुलीकडं वळली. भाकरी थापता थापता थांबली आणि पुन्हा विचारलं, “प्याली म्हणतीस?”